आदर्श जबडा

१४ जुलै, सोमवार. संध्याकाळ.

आजपासून रोजनिशी. कारणही तसंच आहे. माझी निवड झाली.

दुकानाला सुट्टी होती. आशा म्हणाली, अनवरीभाभींच्या अरिबाला अभ्यासासाठी माणसं हवी आहेत, चला जाऊन येऊ. अनवरीभाभी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, ब्लाउज शिवतात. आशा त्यांच्यासाठी फॉल-पिको करते. अरिबा त्यांची मुलगी. आमच्या लेकीबरोबर, चैतालीबरोबर, आमच्याकडे अभ्यासाला यायची. आता डेंटल कॉलेजात पोस्ट ग्रॅज्युएशन करते, पांढरा कोट घालते. म्हटलं, विज्ञानाला मदत करू.

तिचा विषय असा : चावताना जबड्याचे आणि मानेचे स्नायू एकमेकांना कसं सांभाळून घेतात. मला आजवर वाटायचं, चावायचं काम तोंडाचं, मानेचा काय संबंध. तसं नाही. घास घ्यायला जबडा खाली येतो तेव्हा डोकं जरासं मागे जातं. तोंड मिटलं की परत पुढे. सगळ्यांचंच. आपल्याला पत्ताही नसतो. मी म्हटलं, म्हणजे नवरा-बायकोसारखं, एकानं तोंड उघडलं की दुसऱ्यानं मागे सरायचं. अरिबा हसली. आशा हसली नाही.

गालांवर, मानेवर चिकट बटणं लावली, त्यांना वायरी. आधी केळं दिलं, मग सफरचंदाची फोड, मग शेंगदाणे. स्क्रीनवर दोन रेषा धावत होत्या, एक जबड्याची, एक मानेची. गालातल्या मुख्य स्नायूला मॅसेटर म्हणतात. भारदस्त शब्द आहे. लक्षात ठेवणार.

मग तिने तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, दुसरं जरा ओढूनताणून. सांगितलं, माझी बोटं जाड आहेत. तिने पट्टी लावून मोजलं, आकडा लिहून घेतला. सुपारी खाता का काका, म्हणाली. म्हटलं, कधीतरी. आशाला ठसका लागला.

मग तिने सरांना बोलावलं. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे. म्हणाले, इंटरेस्टिंग. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. माझ्या आधी एक तरुण आत गेला होता, त्याला चहा संपायच्या आत सोडून दिलं. परत ये म्हणालेसुद्धा नाहीत. साधा जबडा असणार.

संकल्प : उद्यापासून सुपारी बंद. तब्येतीसाठी नव्हे, तब्येत ठणठणीत आहे. रीडिंग शुद्ध यावं म्हणून.

१५ जुलै, मंगळवार.

शांतपणे विचार केला. सुपारी एकदम सोडली तर शुक्रवारचं रीडिंग सोमवारच्या रीडिंगशी जुळणार नाही. अरिबाचा सगळा अभ्यास बिघडेल. विज्ञानात सातत्य लागतं. तेव्हा शुक्रवारपर्यंत नेहमीप्रमाणे.

गोटीरामच्या टपरीवरून पुडी घेतली. त्यालाही निवडीचं सांगितलं. म्हणाला, भाऊ, तुमचा जबडा फेमस होणार.

एक नोंद करून ठेवतो. तंबाखूला मी आयुष्यात शिवलो नाही. नुसती सुपारी. पूजेत गणपती म्हणून मांडतो तीच. जी वस्तू पाटावर बसते ती गालात बसली तर काय बिघडणार आहे?

१८ जुलै, शुक्रवार.

दुसरी फेरी. आज गाजरही होतं. गाजराच्या वेळी मान जरा जास्तच मागे गेली, माझं मलाच जाणवलं.

अरिबाने सांगितलं, काका, तुमच्यात जबड्याचं काम मान करतेय. जबडा खाली येत नाही, म्हणून डोकं वर उचलून तुम्ही तोंड उघडताय. मान थकणारच.

म्हणजे सर्वसामान्य माणूस जबड्याने चावतो, मी मानेनेही चावतो. दुहेरी यंत्रणा. सर इंटरेस्टिंग म्हणाले ते उगीच नाही. आणि मान दुखते त्याचंही कारण सापडलं. ओव्हरटाइम.

मग तिने तोंडात टॉर्च मारला, आतून फोटो काढले. गालावर आतून बोट फिरवलं. म्हणाली, चामड्यासारखं घट्ट झालंय. डावीकडे एक पांढरा डाग आहे, सरांना तिथला छोटा तुकडा काढून तपासायचाय. मी विचारलं, हेही अभ्यासाचाच भाग का? ती म्हणाली, नाही काका, हे तुमच्यासाठी.

पोरगी मोठ्या मनाची आहे. पण पुढच्या महिन्यात चैतालीचा साखरपुडा. तोंडात टाके घेऊन व्याह्यांसमोर उभं राहायचं का? म्हटलं, ते उरकू दे. ती म्हणाली, थांबू नका. या मुलांना थिसिसची फार घाई.

सुपारीबद्दल पुन्हा बोलली. आता रीडिंग झालेलं आहे. सोमवारपासून बंद.

२३ जुलै, बुधवार.

दुपारी मुझफ्फरबरोबर मिसळ खाल्ली. मुझफ्फर म्हणजे आमच्या दुकानातला शालूंचा माणूस. मी पैठण्यांचा. मेन रोडवर आम्ही दोघं उभे असलो तर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने बाहेर पडत नाही.

तर्री तोंडाला लागली आणि डोळ्यांसमोर काजवे. गालात, जिभेवर, टाळ्याला नुसती आग. मसाल्यात भेसळ असणार. मुझफ्फर तीच मिसळ निवांत खात होता, पण त्याची जीभ पहिल्यापासून बधिर आहे.

मी पाव बारीक तोडून खात होतो. तो बघत राहिला. म्हणाला, शेखरभाई, घास टाकताना तुम्ही मान मागे करता, कोंबडी पाणी पिते ना, तसं. कधीपासून? मी त्याला दुहेरी यंत्रणा समजावली. मॅसेटर वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हसण्यावारी नेऊ नका. डॉक्टरला नीट विचारा ना भाई.

मी म्हटलं, डॉक्टरच मला विचारतायत.

त्यावर त्याने माझी ताटली स्वतःकडे ओढली आणि पाव रश्शात पूर्ण भिजवून, कालवून परत दिला. लहान मुलाला देतात तसा. मी खाल्ला. त्याला वाईट वाटायला नको.

सोमवारपासून सुपारी बंद होणार होती. सोमवारी आषाढातला काहीतरी दिवस होता.

३० जुलै, बुधवार. सकाळी.

मूळ सापडलं. उशी!

मान आणि जबडा जोडलेले आहेत, हे अरिबानंच सांगितलं. उशी जाड, त्यामुळे मान आखडते. मान आखडली की जबडा आखडतो. जबडा आखडला की तोंड कमी उघडतं. सगळं उशीपासून सुरू होतं. नवीन उशी आणली, मधे खळगा असलेली. आशाला सगळी साखळी समजावून सांगितली.

तिने विचारलं, आणि गालातला डाग उशीमुळे का?

तिला विज्ञानाची आवड नाही.

ब्रश तोंडात जात नाही. हल्ली कंपन्यांनी ब्रशची डोकी मोठी केलीत. चैतालीचा लहानपणचा ब्रश कुठे आहे ते आशाला विचारलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ब्रश मिळाला नाही.

४ ऑगस्ट, सोमवार.

बढती!

सविस्तर लिहितो. काल वणीहून कुटुंब आलं होतं, मुलीच्या लग्नाच्या पैठणीसाठी. मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. पदर उलगडला, मोर दाखवला, असावलीची वेलबुट्टी दाखवली. आई म्हणाली, काय म्हणालात? पुन्हा सांगितलं. परत, काय म्हणालात? मुलीने आईला कोपराने ढोसलं. मग त्या सगळ्या सरकत सरकत मुझफ्फरच्या गादीवर गेल्या. पैठणी घ्यायला आलेली माणसं शालू घेऊन गेली. वणीकडची बोली वेगळी आहे, त्यांना शहरातलं कळत नाही.

आज दुकान बंद असूनही शेठनी घरी फोन केला. म्हणाले, शेखरभाऊ, उद्यापासून तुम्ही वरच्या मजल्यावर स्टॉक बघा. खाली उभं राहून दमता तुम्ही. म्हणजे मी आता स्टॉक इन्चार्ज. वर गिऱ्हाईक येत नाही, बोलावं लागत नाही. शेठनी विचार करूनच ठरवलं असणार.

आशाला सांगितलं. तिने विचारलं, खाली पैठणीला कोण? म्हटलं, मुझफ्फर दोन्ही बघेल. ती म्हणाली, बरं.

शेठना फोनवर दोनदा सांगावं लागलं, आभारी आहे म्हणून. रेंज नव्हती.

१० ऑगस्ट, रविवार. मनमाडहून परत.

साखरपुडा उत्तम झाला. चैताली छान दिसत होती. मोतिया रंगाची पैठणी, मीच काढली होती. व्याही यादवराव रेल्वेत आहेत, आवाज गाडीच्या भोंग्यासारखा, पण माणूस मोकळा.

एक किरकोळ प्रसंग. न लिहिला तरी चालेल. पण लिहितो.

विहीणबाई पेढा घेऊन आल्या. मी तोंड उघडलं. पेढा दातांवर आपटला. त्यांना वाटलं मी लाजतोय, त्यांनी आणखी जोर केला. मी मान मागे घेतली, जितकी जाते तितकी. तरी पेढा आत जाईना. यादवराव ओरडले, "अहो व्याही, मोठं उघडा की तोंड! मुलीचे बाप ना तुम्ही!" सगळा हॉल हसला. पेढा फुटून शर्टावर पडला. मी म्हटलं, माझा उपास आहे. समोर माझंच अर्धं खाल्लेलं वरणभाताचं ताट होतं.

मग हसणं थांबलं. एकदम नाही, पुढच्या खुर्च्यांपासून मागे असं थांबत गेलं. विहीणबाईंनी यजमानांकडे पाहिलं.

नंतर यादवरावांनी मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणला, तो त्यांना खाली आणता येतो हे मला माहीत नव्हतं. म्हणाले, "आमच्या स्टेशनात एक होता. त्याचंही असंच तोंड मिटत चाललं होतं."

मी विचारलं, मग?

"मग काय," म्हणाले, आणि आचाऱ्याला हाक मारत निघून गेले.

परत येताना गाडीत सगळे डोळे मिटून होते. दमले असतील. मी घड्याळात पाहून म्हणालो, वेळेत पोहोचू. कुणी डोळे उघडले नाहीत. ऐकू आलं नसेल, खिडक्या उघड्या होत्या.

११ ऑगस्ट, सोमवार.

सकाळी चैताली समोर येऊन बसली. म्हणाली, बाबा, शिट्टी वाजवा.

ती लहान होती तेव्हा मी दुकानातून येताना गल्लीच्या तोंडाशी शिट्टी घालायचो आणि ती जिना उतरून धावत यायची. आता हे काय मध्येच. पण म्हटलं, हौस पुरवू. ओठ जुळवले. ओठ जुळेनात. हवा बाहेर पडली, आवाज नाही. पुन्हा. पुन्हा हवा.

मी म्हटलं, गळ्याला थंडी लागली असेल, गाडीतल्या वाऱ्याची.

ती रडली. मोठी मुलगी, लग्न ठरलेली, भोकाड पसरून रडली. मग उठली, माझ्या पँटच्या खिशातून पुडी काढली, गॅलरीतून खाली फेकली. शेल्फावरची डबी काढली, तीही. अडकित्ता माझ्या वडिलांचा, पितळी, तोही. खाली अनवरीभाभींच्या पत्र्यावर आदळल्याचा आवाज आला.

मी तिला वचन दिलं. मनापासून दिलं. आजपासून एक कणही नाही. आणि गणपती झाले की तो तुकडाही काढून देणार अरिबाला. आत्ता सणावारात रक्त काढणं बरं नव्हे, हे तिलाही पटेल.

बारा वाजता. चार तास झाले, काहीही त्रास नाही. मला सवय नव्हतीच मुळी.

संध्याकाळी. भाजी आणायला गेलो होतो. गोटीरामकडे थांबलो, त्याला सोडल्याचं सांगायला.

त्याला वाईट वाटू नये म्हणून एकच घेतली.

१९ ऑगस्ट, मंगळवार.

गोटीरामने सुपारी द्यायला नकार दिला! इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक. म्हणाला, "वहिनी येऊन गेल्या, भाऊ. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या उभ्या राहिल्या. मला नाय जमणार आता." मी म्हटलं, अरे, माझ्यावर संशोधन चालू आहे. तो म्हणाला, तेच तर.

द्वारका चौकाच्या बाजूला दुसरी टपरी आहे. लांब पडते, पण चालणं चांगलं असतं.

डाग आता नुसता पांढरा नाही. मधे लालसर. जिभेने लागतं, खरखरीत. दात घासला जात असणार तिथे. डाव्या बाजूने चावणं बंद केलं आहे. उजवी बाजू समर्थ आहे. मान तर आहेच.

कानात दुखतं, डाव्या. उशी परत बदलावी लागेल.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी.

आशाने उकडीचे मोदक केले. दरवर्षी मी मोदक अख्खा तोंडात टाकतो, आमच्या घरात ते माझं वैशिष्ट्य आहे. यंदा वाटीत कुस्करून तूप घालून घेतला. चमच्याने. चमचा आडवा जात नाही, उभा धरला की कडेने जातो. युक्ती जमली. आरतीला तोंड हलवलं.

अरिबा दर्शनाला आली, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. ईदला उशीर आहे, पण काका हल्ली पातळच खातात असं अम्मीला कळलं, म्हणून अनवरीभाभींनी खास केला. कोणी सांगितलं त्यांना? अरिबाने गणपतीला हात जोडले आणि वळून मला सगळ्यांदेखत विचारलं, "काका, कधी येताय?" मी म्हटलं, विसर्जन होऊ दे. ती म्हणाली, "मी चार वेळा विचारलंय." डोळ्यांत पाणी होतं. धुपाचं असेल.

सगळे गेल्यावर पूजेच्या पुडीत उरलेल्या सुपाऱ्या दिसल्या. पाटावरच्या नव्हेत. पुडीतल्या, उरलेल्या. त्या कुणाच्याच नसतात. एक गालात धरली. चावता आली नाही. नुसती धरून ठेवली. तेवढ्याने वचन मोडत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी.

उशीवर रक्त.

थोडंसं. लाळेत मिसळलेलं, गुलाबी. नवीन उशीवर, खळग्यात साठलेलं. मी अभ्रा काढून गुंडाळला आणि मोरीत न्यायला निघालो तर दारात आशा. तिने हात पुढे केला. दिला.

तिने आरडाओरडा केला नाही. अभ्रा बादलीत भिजवला, हात पुसले आणि म्हणाली, "आज जायचं. आत्ता."

मी म्हटलं, स्टॉक इन्चार्जला असं अचानक...

तेव्हा ती बोलली. म्हणाली, "अरिबाला माणसं नको होती. तिची माणसं पुरी झाली होती. मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, दवाखान्यात चला म्हटलं तर हे येणार नाहीत. तुमची निवड झालीय म्हटलं तर येतील."

मी विचारलं, म्हणजे मला निवडलं कुणी?

"मी," म्हणाली. "रिक्षा बोलावते, शर्ट घाला."

तोच दिवस, संध्याकाळ.

तुकडा काढला. चिमूटभर. इंजेक्शनपेक्षा तोंड उघडून धरणं जास्त जड गेलं. सरांनी लाकडी पट्ट्या दातांमधे सरकवल्या, एकावर एक. माझी मान मागे मागे जात होती, अरिबा मागे उभी होती, तिने डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. म्हणाली, मानेने नका उघडू काका, मान सोडा, मी धरलंय.

नंतर मी तिला विचारलं, जबडा आणि मान दोन्ही धरून माझं रीडिंग निरोगी गटात कितवं आलं? ती म्हणाली, "काका, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोन गट आहेत. तुम्ही दुसऱ्या गटात होता. तोंड कमी उघडणाऱ्यांच्या."

तिने सांगितलं असेल. वायरी लावताना लक्ष लागत नाही.

मी म्हटलं, दुसऱ्या गटात तरी कितवा?

तिने माझा हात धरला.

९ सप्टेंबर, मंगळवार.

रिपोर्ट शुक्रवारी येणार. काही निघणार नाही. घरात आपल्याकडे असलं कुणाला झालेलं नाही. वडील नव्वदीपर्यंत सुपारी खात होते. अठ्ठ्याऐंशी. शेवटी ते पेजेवर होते, पण ते वयामुळे.

सुपारी खरोखर बंद आहे. गुरुवारपासून. यावेळी कारण नाही. टाक्यांमुळे आत जागाच नाही.

मुझफ्फर घरी येऊन गेला. येताना दुकानातल्या सगळ्या गप्पा घेऊन आला. कुठली सून सासूसमोर भांडली, कुठल्या नवऱ्याने तीन वेळा रंग बदलून आणला. मी हसलो. हसताना हात गालावर ठेवावा लागतो. जाताना दारात तो आशाशी हळू बोलत उभा राहिला. मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, माहीत नाही भाऊ. तो म्हणाला, मैं हूँ ना भाभी.

तो असणार आहे म्हणजे काय? मी कुठे जातोय?

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

निघाला.

१३ सप्टेंबर, शनिवार.

काल जास्त लिहिता आलं नाही. चष्मा सापडत नव्हता.

सरांनी समजावून सांगितलं, त्यांनी शब्द उच्चारला, मग आशाने उच्चारला. मी अजून उच्चारलेला नाही. ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात, ओळखीचे सर्जन आहेत. गाल डावा. त्याला लागून जबड्याचा भाग. आणि मानेतल्या गाठी, तिकडे पसरू नये म्हणून. जबडा आणि मान, दोन्ही.

वेळेत आलात, सर म्हणाले. अगदी वेळेत नाही, पण आलात. आशाने मान खाली घातली. चैताली त्यांना प्रश्न विचारत होती, मुद्देसूद. सरांना पहिल्यांदा मी इंटरेस्टिंग वाटलो नाही.

यादवरावांचा फोन आला. चैतालीने उचलला. मी बाजूलाच होतो, त्यांचा आवाज फोनबाहेर येतोच. म्हणाले, लग्नाची तारीख व्याही बरे झाल्यावर. तारीख गेली खड्ड्यात, माणूस आधी. चैताली एवढंच म्हणाली, हो बाबा. त्यांना.

योजना : ऑपरेशननंतर व्यायाम असतो, तोंड उघडायचा. पट्ट्या वाढवत न्यायच्या. मी तो नेटाने करणार. दिवाळीपर्यंत तीन बोटं. लग्नात पेढा अख्खा. लग्नानंतर पुन्हा पैठणी सेक्शन. शेठना आजच कळवावं म्हणतो.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.

उद्या ॲडमिट.

अरिबा आली होती. तिला विचारलं, माझं रीडिंग छापून येईल तेव्हा एक प्रत देशील ना? फ्रेम करून लावू. ऑपरेशनआधीचा शेवटचा पुरावा म्हणून.

तिला सांगायला जड जात होतं. मी आग्रह केला. मग म्हणाली, "काका, नियम आहे. कॅन्सर निघाला तर त्या माणसाचं रीडिंग अभ्यासातून काढून टाकावं लागतं. तुमचं काढलं."

म्हणजे पहिल्या गटात नाही, दुसऱ्या गटातही नाही.

मी म्हटलं, हरकत नाही, विज्ञानात शिस्त हवी. ती गेली. जिन्यात बराच वेळ तिची पावलं वाजली नाहीत, मग वाजली.

आशा बॅग भरत होती. टॉवेल, रिपोर्ट, मिक्सरचं लहान भांडं. तिने सगळं भरून झाल्यावर पुन्हा काढलं आणि पुन्हा भरायला लागली. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. मी म्हणालो, मला भीती वाटतेय.

तिने वळून विचारलं, "काय म्हणालात?"

तिला खरंच कळलं नव्हतं. हल्ली माझं कुणालाच कळत नाही. पुन्हा म्हणायला तोंड उघडलं, मान मागे गेली, पण ते वाक्य दुसऱ्यांदा निघेना.

म्हणालो, पाणी दे.

ते कळलं. तिने आणून दिलं.